वर्षात ४ हजार किमी चाललेल्या गाडीला सर्व्हिसिंग कशाला लागते? (४ वाजेच्या आत सांगा)

भरीत_प्रेमी (जळगाव), सकाळी ११:१०

मंडळी जरा घाईत विचारतोय. सकाळी गाडी सर्व्हिसिंगला टाकली आणि आत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर एस्टिमेट आलंय ८,९६० रुपयांचं, खाली लिहिलंय "सर ४ वाजेपर्यंत ओके कळवा". गाडी पेट्रोल हॅचबॅक, ३ वर्षांची, रीडिंग १३,४००. मागच्या सर्व्हिसिंगनंतर वर्षभरात फक्त ४,१०० चालली. घर ते बँक अडीच किमी, संध्याकाळी तेच उलटं, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला आणायला जामनेर, जास्त करून एवढंच.

आबांना (वडील) आकडा सांगितला तर तोंडातली तंबाखू बाजूला सारून म्हणाले, अरे ती चाललीच कुठे, तिला काय धाड भरलीय? त्यांनी सगळं आयुष्य एम-८० दुचाकीवर काढलं, आवाज बदलला की ऑइल बदलायचं हा त्यांचा नियम.

एस्टिमेट असं आहे: इंजिन ऑइल १,८६०, ऑइल फिल्टर १२०, ड्रेन वॉशर १५, एअर फिल्टर ३१०, एसी फिल्टर ४८०, ब्रेक ऑइल ३९०, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ८५०, एसी डिसइन्फेक्शन ११५०, इंजिन कोटिंग ६५०, अलाइनमेंट बॅलन्सिंग ९००, फ्युएल अ‍ॅडिटिव्ह ३४५ आणि लेबर १,८९०. टॅक्स धरून.

माझा प्रश्न साधा आहे. ऑइलची बाटली दुकानात दोन-दोन वर्षं पडून असते, ती खराब होत नाही. मग माझ्या इंजिनातलं ४ हजारात कसं खराब झालं?

केळीवाला_रावेर

ओके देऊ नको भो. गाडी काढ तिथून, बाहेर २ हजारात होतं बठ्ठं. माझी बोलेरो पिकअप २ लाख ३० हजार चाललीय, फ्री सर्व्हिसिंग संपल्यापासून शोरूमचं तोंड बघितलं नाही.

धुळेकर७८

वॉरंटी शिल्लक आहे का आधी ते बघा. एक्स्टेंडेड घेतली असेल तर अजून चालू असेल, आणि मग सर्व्हिसिंगचं रेकॉर्ड लागतं. उद्या काही मोठं निघालं तर पहिला प्रश्न तोच विचारतात, वेळेवर सर्व्हिसिंग केली होती का, बिलं दाखवा. मॅन्युअल काढून बघा, "१० हजार किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते" असं काहीतरी असेल. ते "जे आधी होईल" कोणी वाचतच नाही.

भरीत_प्रेमी

एक्स्टेंडेड आहे ५ वर्षांची. मॅन्युअल गाडीत आहे आणि गाडी तिकडे आहे 😅

पाना_१०नंबर (भुसावळ)

माझं गॅरेज आहे, २२ वर्षं झाली, म्हणून लिहितो. जेवायची सुट्टी आहे, चुकीचं टाइप झालं तर सांभाळून घ्या.

भाऊ तुमचा बाटलीचा प्रश्न चांगला आहे, गिऱ्हाईक मला नेहमी विचारतात. बाटलीत आग लागत नाही, इंजिनात लागते, फरक तिथेच आहे. इंजिन थंड असताना गाडी पेट्रोल जास्त ओढते. त्यातलं थोडं न जळता पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलमध्ये उतरतं. आणि पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होते (थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पाणी टपकतं ना, तेच) ती पण थोडी खाली जाते. इंजिन नीट तापलं तर हे दोन्ही उडून जातं. पण तुम्ही अडीच किमी जाता, काटा मध्ये येतो न येतो तोच गाडी बंद. आणि काटा मध्ये आला म्हणजे कुलंट तापलं, ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. म्हणजे तुमचं ऑइल वर्षभर अर्धं-कच्चं तापतं आणि पेट्रोल अन पाणी पोटात घेऊन बसतं. जळगाव-शिरपूर रोज करणाऱ्याचं ऑइल ४ हजारात तुमच्यापेक्षा कितीतरी चांगलं असतं.

दुसरं, ऑइल नुसतं वंगण नाही. पार्ट थंड पण तेच ठेवतं. आणि काजळी धरून ठेवायचं, गंज येऊ द्यायचा नाही, ही कामं त्यात टाकलेली केमिकलं करतात आणि ती केमिकलं हळूहळू संपतात. ती संपली की काजळी ऑइलमध्ये तरंगत राहत नाही, खाली बसते.

बसते म्हणजे काय ते सांगतो. एक रिटायर साहेब होते, ७ वर्षांत गाडी २८ हजार चालवली. मंदिर, भाजी, दवाखाना. ऑइल कमी दिसलं की वरून अर्धा लिटर टाकायचे, बदललं कधीच नाही. माझ्याकडे आले तेव्हा गाडी उभी असताना ऑइलचा लाल दिवा मिणमिणायचा, रेस दिली की जायचा. खालची टाकी उघडली तर ऑइल ओतलंच नाही, पडलं. काजळाच्या डबीतलं काजळ असतं तसं, बोटाला लागलं तर घासलेटने पण निघेना. त्यात जी जाळी असते, जिच्यातून पंप ऑइल ओढतो, ती पाऊण बंद. क्रँकची बेअरिंगं गेलेली. इंजिन बांधावं लागलं. २८ हजाराच्या गाडीचं.

तर ऑइल आणि ऑइल फिल्टरला डोळे झाकून हो म्हणा. बाकीचं जेवून सांगतो.

केळीवाला_रावेर

दादा मग माझी पिकअप कशी चालली?

पाना_१०नंबर

तुमची रोज रावेर-सावदा-बऱ्हाणपूर पळते, भरलेली पळते, ऑइल रोज कडक तापतं म्हणून चालली. आणि खरं सांगा, ऑइल किती किमीला बदलता?

केळीवाला_रावेर

७-८ हजारात बदलतो. ड्रायव्हर पोरगा सांगतो तेव्हा.

पाना_१०नंबर

म्हणजे सर्व्हिसिंग करताच की तुम्ही, फक्त म्हणत नाही 😄

गिरणाकाठची (भडगाव)

भरीत भाऊ, एस्टिमेट फोनवर ओके करू नका, जवळ असाल तर जाऊन उभे राहा. मी शिक्षिका आहे, गाडी माझी, चालवते मी, आरसीवर नाव माझं. तरी गॅरेजमध्ये गेलं की तो मुलगा मिस्टरांकडे बघून बोलतो "सर, ब्रेक पॅड संपलेत". सरांना ब्रेक पॅड कुठे असतो ते माहीत नाही! एकदा असंच "पॅड संपले" सांगितलं, मी म्हटलं चाक काढलंय ना, मग दाखव. बघितलं तर पॅडचं मटेरियल माझ्या करंगळीच्या नखाएवढं जाड होतं. मग म्हणे मॅडम पुढच्या वेळेला करू.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय, जॉब कार्डवर मी स्वतः पेनने लिहिते "जुने पार्ट परत द्यावेत". जुना फिल्टर, जुने पॅड, जुना वायपर सगळं डिकीत ठेवायला लावते. घरी येऊन भंगारातच जातं पण ते लिहिलेलं बघितलं की एस्टिमेट आपोआप जरा बारीक होतं.

पाना_१०नंबर

ताईंचं बरोबर आहे. आम्ही गॅरेजवाले सगळे साधू नाही.

आता एस्टिमेट. एअर फिल्टर ३१०, करा, पण आधी जुना बघा. कागदाचा असतो, हवा मारून चालतो काही दिवस, आतून बाहेर मारायची. पाण्याने धुवायचा नाही. आणि दर महिन्याला कॉम्प्रेसरने फटकारून फटकारून पण त्याला बारीक भोकं पडतात. आपल्याकडे धूळ आहे आणि धुळीच्या वर कपाशी आहे. दिवाळीनंतर कपाशीच्या ट्रॉलीमागे गाडी लागली की तो उडणारा कापूस कुठे जातो वाटतं? अर्धा एअर फिल्टरवर आणि अर्धा पुढच्या जाळीत. एसीचा कंडेन्सर पुढे आणि त्याच्या मागे रेडिएटर, मधे बोटभर जागा, तिथे गादीसारखा थर बसतो, बाहेरून दिसतच नाही. मग मे महिन्यात ४५ डिग्रीला लोक येतात, एसी गार करत नाही गॅस भरा. गॅस भरलेलाच असतो! समोरून उष्णता बाहेर पडत नाही म्हणून एसी मार खातो आणि सिग्नलला गाडी हिट होते. पाचोरा साइडची एक गाडी आली होती, तिच्यातून मूठभर कापूस निघाला, सरकीसकट. हळू पाण्याने मागून पुढे धुवायचं, वॉशिंगचं जोराचं प्रेशर मारलं तर जाळीच्या पात्या वाकतात.

तुमच्या एस्टिमेटमध्ये हे कुठेच नाही बघा. चमक आणायचं कोटिंग आहे, रेडिएटर धुणं नाही. ते सांगून करून घ्या, फुकट करतील.

एसी फिल्टर ४८०, तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, हाताने निघतो. ३ वर्षांत बदलला नसेल तर बदला.

ब्रेक ऑइल ३९०. हे कापू नका. बाकी सगळं कापलं तरी चालेल एक वेळ.

धुळेकर७८

ब्रेक ऑइलवर मी बोलतो, माझ्या अंगावरून गेलंय. २०१७ च्या मे महिन्यातली गोष्ट, घृष्णेश्वरला जाऊन येत होतो, पाच जण अन डिकी भरलेली. कन्नडवरून चाळीसगावकडे घाट उतरताना पुढे एक ट्रक रांगत होता. मी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवूनच चाललो होतो, ओव्हरटेकला जागा नाही म्हणून. अर्ध्याच्या खाली आलो आणि पेडल मऊ लागायला लागलं, म्हणजे दाबलं तर जातंय पण खाली काही नाही, ओल्या स्पंजावर पाय दिल्यासारखं. पुढच्या वळणाला पार तळाला गेलं. दोनचार वेळा पंप मारला, थोडं आलं, गिअर दुसऱ्यात टाकला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला भिंतीला आरसा घासत थांबलो. मागे आई आणि मुलं, कोणाला काही कळलंच नाही, मुलगा म्हणतो "पप्पा इथे फोटो काढायचा का?" माझे पाय लटपटत होते.

अर्ध्या तासाने पेडल जसंच्या तसं. एकदम कडक. म्हणून चाळीसगावच्या मिस्त्रीला सांगितलं तर त्याला आधी खरं वाटेना. मग त्याने डबीचं झाकण उघडलं, आतलं ऑइल उकाळ्यासारखं काळपट. गाडी ६ वर्षांची, कधीच बदललं नव्हतं. चूक माझीच.

भरीत_प्रेमी

बापरे. पण अर्ध्या तासात परत कसं चालू झालं?

पाना_१०नंबर

नावाला ब्रेक ऑइल, खरं तर ते ऑइल नाहीच. म्हणून त्यात चुकूनसुद्धा इंजिन ऑइल टाकायचं नाही, रबरं फुगतात. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, डबी बंद असली तरी नळ्यांमधून वगैरे वर्षानुवर्षं थोडं थोडं. डबीवर डॉट ३, डॉट ४ लिहिलेलं असतं. डॉट ४ नवीन असताना निदान २३० डिग्रीला उकळायला पाहिजे असा नियम आहे, आणि त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी गेलं की तोच नियम १५५ वर येतो. घाटात सतत ब्रेक धरला की डिस्क लालभडक तापते, ती उष्णता ऑइलपर्यंत पोचते आणि त्यातलं पाणी उकळतं. वाफ झाली. वाफ दाबली की दबते, म्हणून पेडल खाली जातं आणि चाकाला काही पोचत नाही. थंड झालं की वाफेचं परत पाणी, पेडल परत कडक. सरांना तेच झालं.

दर २ वर्षांनी बदला असं बहुतेक मॅन्युअलमध्ये असतं. गाडी ४ हजार चालली का ४० हजार हे त्याला कळत नाही. आणि घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक दाबा-सोडा दाबा-सोडा. लळिंग असो, कोंडाईबारी असो, तोरणमाळला तर विशेष.

शहादेकर

तोरणमाळचं नाव निघालं म्हणून विचारतो. माझी डिझेल एसयूव्ही आहे, बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातली), २०२१ ची. दिवसाला ५-६ किमी शहाद्यात. मधूनमधून सायलेन्सरच्या चित्रासारखा पिवळा दिवा येतो, आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या सळीवर) ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. देवाची कृपा म्हणायची का?

पाना_१०नंबर

कृपा नाही, डिझेल आहे ते. बीएस ६ डिझेलला सायलेन्सरमध्ये काजळी अडवायची जाळी असते, डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडी जास्तीचं डिझेल टाकून ती काजळी जाळते, पण त्याला गाडी सलग पळायला लागते. तुम्ही मधेच बंद करता, ते जादाचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं अन लेव्हल वर येते. आठवड्यातून एकदा दोंडाईचा करून या, वीसेक मिनिटं एका स्पीडने, दिवा जातो का बघा. लेव्हल वरच्या खुणेच्या वर असेल तर आधी ऑइल बदला. आणि बाहेर बदलणार असाल तर मॅन्युअलमधलाच ग्रेड, डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, कोणीतरी जीपचं जाड ऑइल टाकलं तर ती जाळी कायमची बसते आणि तिचा भाव ऐकून तुम्ही खाली बसाल.

सातपुड्याचे_नाना (चोपडा)

जाड ऑइलवरून. आम्ही उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० टाकायचो, ऊन जास्त म्हणून. आता पोरं ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० असलं पाण्यासारखं टाकतात. खान्देशच्या उन्हात ते टिकतं का?

पाना_१०नंबर

टिकतं नाना. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला आणि नंतरचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावरचा, १०० डिग्रीचा. बाहेर ४५ असो का २५, कुलंट आणि थर्मोस्टॅट इंजिनाला साधारण एकाच ठिकाणी ठेवतात. तुमच्या काळच्या इंजिनात फटी मोठ्या होत्या, जाड लागायचं. आताच्या इंजिनात ऑइलच्या वाटा सुतासारख्या बारीक, टर्बो असेल तर तो ऑइलच्या पातळ थरावरच फिरतो. सकाळी थंड स्टार्टला जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ इंजिन कोरडं घासतं.

सातपुड्याचे_नाना

बरं. मग माझ्या जीपमध्ये काय टाकू?

पाना_१०नंबर

तुमच्या जीपमध्ये तुमचंच टाका नाना 🙏

केळीवाला_रावेर

ऑइल काळं झालं की बदलायचं एवढंच मला कळतं.

पाना_१०नंबर

तेवढ्यावर जाऊ नका. डिझेलचं ऑइल बदलल्यावर आठवड्यात काळं होतं, म्हणजे ते काजळी धरतंय, काम करतंय. बघायचंच असेल तर दूध घातलेल्या चहासारखं झालंय का ते बघा. नुसतं फिलरच्या झाकणाला खालून पांढरट लागलं असेल तर थंडीतला ओलावा असू शकतो, पण डिपस्टिकवरच दुधट दिसलं तर कुलंट ऑइलमध्ये जातंय. गाडी चालू करू नका, टो करा.

तापीकाठ

सेकंड हँडवाल्यांनी पण ऐका. मी सर्व्हिस रेकॉर्ड नसलेली डिझेल घेतली, ८८ हजार रीडिंग, एकदम चकाचक, सीट कव्हर नवीन. तिला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि वॉल्व्हचा मेळ ठेवणारा पट्टा) होता, तो ठरावीक किमीला किंवा वर्षांनी बदलायचा असतो हे मला माहीतच नव्हतं, विकणाऱ्याने सांगितलं नाही. चार महिन्यांनी पारोळ्याच्या पुढे हायवेला ९० च्या स्पीडला फट् असा आवाज आणि इंजिन बंद. आवाज केवढासा, चपलेचा अंगठा तुटावा एवढा. बेल्ट तुटला, पिस्टन जाऊन उघड्या वॉल्व्हवर आदळले, वॉल्व्ह वाकले. हेड उतरवलं, ४० हजाराच्या वर गेले. ज्यांच्या गाडीत चेन आहे त्यांना ही भानगड नाही, पण आपल्यात बेल्ट आहे का चेन एवढं तरी विचारून ठेवा.

गिरणाकाठची

बरं माझी वॅगन आर सीएनजी आहे, तिचं वेगळं काही?

धुळेकर७८

टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी), दर ३ वर्षांनी. टाकीवर प्लेट असते, तारीख बघा. पंपावर काही ठिकाणी मागतात, काही ठिकाणी कोणी बघत नाही, तरी करा, डिकीत २०० बारचं प्रेशर घेऊन शाळेत जाता तुम्ही.

गिरणाकाठची

ताबडतोब बघते 😳

भरीत_प्रेमी, दुपारी ३:०५

पाना दादा ३ वाजले. राहिलेलं सांगा पटकन.

पाना_१०नंबर

थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) १३ हजारात नको, गाडी उभ्यावर थरथरत असेल किंवा बंद पडत असेल तरच. एसी डिसइन्फेक्शन म्हणजे फेस मारतात, कुबट वास येत नसेल तर नको, फिल्टर बदलताय तेवढं बास. इंजिन कोटिंग, बॉनेट उघडल्यावर चकाकतं आणि नंतर त्यावर धूळ जास्त चिकटते. अ‍ॅडिटिव्ह मॅन्युअलमध्ये लिहिलेलं दाखवा म्हणा. हे चार मिळून २,९९५ झाले, चहा पाजा मला.

अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९००, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सैल धरा, एका बाजूला ओढते का? ८०-९० ला स्टेअरिंग थरथरतं का? नसेल तर या वेळेला टायर फक्त पुढचे मागे मागचे पुढे करून घ्या. हवा सकाळी थंड टायरवर बघायची. दुपारी तापलेल्या टायरमध्ये ३-४ पॉइंट जास्त दिसते, ती जास्तीची हवा पंपावरची पोरं काढून टाकतात आणि सकाळी टायर मऊ. स्टेपनीत पण भरा. टायरवर एक चार आकडी नंबर असतो, ०९२२ असेल तर २०२२ चा नववा आठवडा, नक्षी शिल्लक असली तरी वय बघत जा.

कुलंट नुसतं लेव्हल बघा, बाहेरच्या डबीत. कमी असलं तर बोरिंगचं पाणी टाकू नका, आपलं पाणी किती क्षाराचं आहे ते तुमच्या गिझरला विचारा. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, माझ्या हाताला अजून डाग आहे.

बॅटरी ३ वर्षं झाली, चेक करायला सांगा. आपल्याकडे बॅटरी मे महिन्यात खराब होते आणि डिसेंबरात सकाळी कळतं.

भरीत_प्रेमी, दुपारी ३:५०

बँकेतून अर्धा तास काढून आलोय, इथूनच टाइप करतोय. चार गोष्टी काढायला लावल्या, अलाइनमेंट पण काढलं, रोटेशन लेबरमध्येच करतो म्हणाले. ५,०६५ वर आलं. तो अ‍ॅडव्हायझर मुलगा चांगला आहे हो, हळूच म्हणाला सर आम्हाला टार्गेट असतं. ताईंनी सांगितलं तसं जॉब कार्डवर जुने पार्ट परत लिहिलं, त्याने एकदा माझ्याकडे बघितलं फक्त.

मॅन्युअल पण वाचलं. "जे आधी होईल ते" खरंच आहे. आणि खाली वेगळा चौकोन आहे, धुळीचा भाग, सतत कमी अंतराचा प्रवास, अशा वापराला ऑइल लवकर बदला म्हणून. मी तीन वर्षं समजत होतो की माझी गाडी आरामात आहे.

भरीत_प्रेमी, संध्याकाळी ७:४०

घरी आलो. आता ऐका. एअर फिल्टरचा डबा माझ्यासमोर उघडला. फिल्टरवर करडा थर, त्यात कापसाचे धागे, कडुनिंबाची वाळलेली पानं, आणि एका कोपऱ्यात नीट रचून ठेवलेली शेंगांची टरफलं. बावीस मोजली. फिल्टरचा कोपरा कुरतडलेला. म्हणजे आमच्या बॉनेटमध्ये कोणीतरी संसार मांडलाय. मेकॅनिक म्हणाला नशीब वायरी नाही खाल्ल्या.

रेडिएटर धुवून दिला, फुकट. जुना फिल्टर आबांना दाखवला. त्यांनी उजेडाकडे धरून बघितला, धूळ झटकली, आणि म्हणाले "हे ओढत होती ती?" मग स्वतः जाऊन डिपस्टिक काढून बघितली, रुमालाला पुसून परत घातली, परत काढली. नवीन ऑइलचा मधासारखा रंग बघून काही बोलले नाहीत. रुमाल आईने बघितलाय, ती बोलली.

उंदरांचं काय करतात?

सातपुड्याचे_नाना

तंबाखूची पानं. फडक्यात बांधून बॅटरीजवळ अडकवायची, गरम पार्टला लागायला नको. महिन्याने बदलायची.

केळीवाला_रावेर

डांबर गोळ्या पण चालतात भो पण एसीतून वास येतो, बायको म्हणते गाडीत बसलं की ट्रंकेत बसल्यासारखं वाटतं.

पाना_१०नंबर

दोन्ही करून उंदीर आलेले मी बघितलेत. मुख्य म्हणजे गाडी बराच वेळ उभी असते तिथे ते राहायला येतात. रविवारी जरा हायवेला काढा, उंदराचं पण काम होईल, ऑइलचं पण, बॅटरीचं पण.

भरीत_प्रेमी, रविवार

नानांच्या सल्ल्याने गुरुवारी तंबाखूचं गाठोडं बांधलं होतं. आज सकाळी बॉनेट उघडलं तर फडकं आहे, गाठ सुटलेली, तंबाखू निम्मी. म्हटलं तंबाखू खाणारा उंदीर दिसतोय हा. तेवढ्यात मागून आबा आले, तळहातावर चुना.